गोड शेंगा गेल्या कुठे?

संशोधन केंद्रात तिला सगळे वाटाणाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण आवाज खाली आणायची तसदीही कुणी घेत नसे. नऊ वर्षं तिला एकच ध्यास होता, भरपूर लोह असलेला वाटाणा. दर हंगामात ज्या झाडाच्या दाण्यात लोह जास्त, त्याचंच बी ती पुन्हा पेरायची. लोह दुप्पट झालं होतं. आज चवीची परीक्षा. नापास झाला, की वाण बाद.

मोठ्या साहेबांनी चार दाणे तोंडात टाकले आणि रुमालात काढले.

"बाई, हा वाटाणा आहे की जुलाबाची गोळी? संध्याकाळपर्यंत सगळं उपटून टाका."

साहेबांनी जन्मात एक रोप लावलं नव्हतं, पण उपटायची घाई केवढी!

ती तणतणत शेतात आली. निंदणाऱ्या बायकांमधली थोरली मावशी मजेत शेंग चघळत होती.

"मावशी, कडू नाही लागत?"

"कडू कशाला खाऊ? गोड बघूनच तोडते की. दर वर्षी गोड शेंगा आम्ही हिरव्या असतानाच फस्त करतो. कडू तेवढ्या वाळेपर्यंत टिकतात."

"आणि मी त्यांचंच बी धरते!"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडतात."

वाटाणाबाई बांधावर मटकन बसली. नमुना कमी पडेल म्हणून तिने स्वतः नऊ वर्षांत एक दाणा चाखला नव्हता. अक्कल गहाण टाकली होती लोह मोजणाऱ्या यंत्रापाशी! आधी मावशीवर भडकली, मग स्वतःवर, मग हसूच फुटलं.

"गोड झाडं दाखवा. सगळी."

मावशीने न चुकता सतरा दाखवली. दुपारपर्यंत दाणे वाळवून यंत्रात घातले. तेरा फुसकी निघाली. चार मात्र गोडही आणि लोहानं भरलेलीही.

वाटाणाबाईने साहेबांना अक्षरशः ओढत शेतात आणलं. "उपटायचं तर आधी हे खा."

साहेबांनी नाक मुरडत दाणे चावले. चावतच राहिले.

"ठीक आहे. आणखी एक हंगाम," असं पुटपुटत त्यांनी दुसऱ्या शेंगेला हात घातला.

मावशी मध्येच उभी राहिली. "हात मागे घ्या, साहेब. आता ह्या बियाण्याच्या आहेत. मीसुद्धा उपाशीच आहे!"