चंदेरी बाजू

फोटो स्टुडिओत पाऊल टाकताच तिने नाक दाबलं. कोंदट पडद्यांचा वास आणि त्यात सांडून सुकलेल्या दुधाचा आंबूस दर्प. टोपलीत लोकरीच्या टोप्यांचा ढीग होता. किती बाळांच्या डोक्यांवरून फिरल्या असतील कोण जाणे. फोटोग्राफरने त्यातलीच एक उचलली, तशी तिने सात महिन्यांच्या लेकाला पोटाशी घट्ट धरलं.

"टोपी नको."

"अगं, सगळ्यांचीच बाळं घालतात," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच नको, आई."

सासूबाईंना बाहेरच्या खोलीत लावायला नातवाचा मोठा फोटो हवा होता. थोरल्या जावेच्या मुलीचा तिथे होताच; आल्यागेल्याला 'बघा कशी दुधासारखी' म्हणून दाखवायचा. हा मात्र आईच्या रंगावर गेलेला. "जरा उजळ येईल असं बघा हं," त्यांनी आल्या आल्या सांगूनही टाकलं होतं.

"काळजीच सोडा, आजी!" फोटोग्राफरने पिशवीतून एक गुंडाळी काढली. ती फटकन उलगडली आणि मोटारीच्या चाकाएवढी गोल झाली. "हा रिफ्लेक्टर. खिडकीतला उजेड पकडायचा नि तोंडावर परत फेकायचा. पांढरी बाजू आयांची, चंदेरी आज्यांची!" स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला.

चंदेरी कापडावर वाळलेल्या लाळेचे ओघळ होते. बाळाला खिडकीपाशी उशीला टेकून बसवायला लावून तेच त्याने तिच्या हातात दिलं. "धरा, वहिनी. हनुवटीखाली. अजून जवळ. अजून."

दुपारचं ऊन त्यावर पडलं आणि तिथून थेट बाळाच्या तोंडावर आदळलं. त्याने डोळे गच्च मिटले. फोटोग्राफर चुटक्या वाजवत राहिला. बाळाने क्षणभर डोळे उघडले, तेवढ्यात फोटो निघाला आणि त्याने भोकाड पसरलं. गालावरून पाणी ओघळायला लागलं. हा झोत आपणच पाडतोय, आपल्याच हातांनी, हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचीच किळस वाटली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पिठात लोळवलेला चेहरा दिसत होता. नाकाचा पत्ता नाही, खळी गायब.

"बाई गं, कसा राजबिंडा!" सासूबाई हरखल्या. "हाच छापा."

तिने रिफ्लेक्टर उलटून पांढरी बाजू पुढे केली आणि दोन पावलं मागे झाली. "आई, त्याला मांडीवर घ्या. उन्हातून थोडं आत. हां, असं तिरकं. आता काढा."

"सपक येईल हो, वहिनी."

"येऊ दे."

बाळ हुंदके देत थांबलं, टकमक बघायला लागलं. फोटोत ते सावळं होतं, गोबऱ्या गालाखाली मऊ सावली, खळी जागच्या जागी.

"हा काय, घरी दिसतो तसाच आला!" सासूबाईंनी नाक मुरडलं. "पहिलाच छापा."

"बघू," म्हणत तिने फोटोग्राफरच्या हातून कॅमेरा घेतला आणि पहिला फोटो पडद्यावर आणला. "पुसायचं बटण हेच ना?"

"हो, पण अहो—"

तिने दाबलं. 'नक्की?' असं आलं. पुन्हा दाबलं.

"अगं ए! माझ्या नातवाचा फोटो होता तो!"

"तुमचा नातू हा," तिने बाळाला उचललं. "असाच आहे तो, आई. असाच लावायचा, नाहीतर लावूच नका."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. पदर सावरून जिन्याकडे वळल्या. ती मागून उतरली. बाळाचे डोळे पुसायला त्या लाळेच्या कापडाला लागलेला हात वर केला आणि तसाच मागे घेतला. आधी नळ शोधला.