मावशीला मारावं लागलं

बाळंतपणाची मला भीती वाटते, हे मी सातव्या महिन्यापर्यंत अकरा जणांना सांगितलं. अकराही जण हसले. कुणी मायेनं हसलं, कुणी खुदकन, पण हसले सगळे.

भीती म्हणजे काय तेही सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं सुई टोचून घ्यायला घाबरतात तसलं काहीतरी. रस्त्यात पोटुशी बाई दिसली की मी पलीकडच्या बाजूला जाते. आंघोळ करताना पोटाला साबण लावते आणि नजर नळावर ठेवते. मूल मला हवंय, त्याच्यासाठी कपाटाचे दोन कप्पेही रिकामे केलेत. पण ते बाहेर कसं येणार हे मनात आलं की हातपाय गार पडतात, ओकारी येते. आणि अलीकडे असंही वाटतं, की तो दिवस उगवायच्या आधीच आपण संपलो तर बरं. हे शेवटचं मी त्या अकरांपैकी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यात माझी नोकरी हॉस्पिटलातच. वापरलेली अवजारं धुवायची, पाकिटात बांधायची, वाफेच्या यंत्रात घालायची. पाकिटावर एक पट्टी असते, यंत्रात नीट तापली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. रेघा नसतील तर पाकीट परत येतं, मी कितीही शपथा घेतल्या तरी. बाळंतपणाची पाकिटं मी दिवसाला वीस-बावीस बांधते. म्हणून सगळे म्हणतात, तुला कसली भीती, तू तर घरचीच. जणू कात्री मी बांधली म्हणून ती मला लागायची नाही.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी तर कहर केला. "एकदा डोळ्यांनी बघ, भीती कुठल्या कुठे पळेल," म्हणाल्या आणि हाताला धरून मला थेट प्रसूतीच्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. तीस वर्षं त्या खोलीत काढलेल्या बाईला ती खोली म्हणजे स्वयंपाकघर. मी दारातच कोसळले, भुवईला तीन टाके पडले. पुढचा आठवडाभर पाकिटं न्यायला येणारी प्रत्येक नर्स माझी भुवई बघून गालातल्या गालात हसत होती.

टाके निघाल्यावर नवऱ्याला घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेले. तिसऱ्यांदा. म्हटलं, मला मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि ऑपरेशन करता येईल का तेही बघा.

"अगं, सगळ्यांनाच वाटते भीती," त्या वजनाचा आकडा लिहिता लिहिता म्हणाल्या. "काही झालंय का तुला? आधी मूल गेलंय? घरात कुणाचं काही वाईट झालंय?"

"नाही."

"मग झालं तर. उगाच बाऊ करू नकोस. चिठ्ठीला कारण लागतं."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे इथेही रेघा उमटल्याशिवाय पाकीट पुढे जाणार नव्हतं.

"माझी सख्खी मावशी बाळंतपणात गेली," मी म्हणाले. "माझ्यासमोर."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सात महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. "मग हे आधी नाही का सांगायचं, बाळा," म्हणाल्या आणि दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली. वळणदार अक्षरात.

माझी मावशी गेल्याच रविवारी आमच्याकडे येऊन पडदे किती बेंगरूळ लावलेत ते तासभर सांगून गेली होती.

बाहेर आलो तसा नवऱ्यानं मला थांबवलं. मग म्हणाला, "अगं, मावशीला मारलंस तू."

"मी नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून मारलं. तू पण."

"मी काय केलं?"

"हसलास. पहिला तूच."

चिठ्ठी पर्समध्ये घालून मी पुढे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वरच्या मजल्यावर गेले. मानसोपचारवाले डॉक्टर सर्दीनं बेजार होते, टेबलावर रुमालांचा ढीग. चिठ्ठी वाचून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मावशी गेल्या तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

वय मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं, नऊ. पण तोंडातून निघालं भलतंच. "मावशी जिवंत आहे. मला काहीही झालेलं नाही. मला नुसती भीती वाटते, आणि नुसत्या भीतीला इथे चिठ्ठी मिळत नाही. आता फाडा ती."

संपलं, वाटलं. आता खाली फोन जाणार आणि मी खोटारडी ठरणार. तरी मी उभीच राहिले.

त्यांनी नाक पुसलं. "कारण नसतानाही इतकी भीती वाटते बायकांना. तुम्ही काही पहिल्या नाही. बसा. मरून जावं असं वाटतं का कधी?"

मी बसले. बाराव्या माणसाला सगळं सांगितलं, ते शेवटचंसुद्धा. ते हसले नाहीत. दर आठवड्याला यायचं ठरलं, पुन्हा तसं वाटलं तर वेळ न बघता फोन करायचा नंबर मिळाला. ऑपरेशनचं ते स्वतः डॉक्टरबाईंशी बोलणार होते, माझ्यादेखत. वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांच्या कामासाठी मला सात महिने दारोदार फिरवलं, या विचारानं मला तिथेच रडू फुटलं. ते रडू सुटकेचं नव्हतं. संतापाचं होतं.

माझं रडणं थांबल्यावर त्यांनी पेन उचललं आणि चिठ्ठीवरची मावशीची ओळ खोडायला घेतली.

"खोडू नका," मी म्हणाले. "कशावर विश्वास बसला ते दिसू दे. त्याच्याखाली लिहा, मावशी ठणठणीत आहे, आणि हिला भीती वाटते. मग द्या पाठवून खाली."