काहून की

माघातल्या रविवारी सकाळी सुलोचनाबाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहत, तेव्हा त्यांच्या केसांत आणि तपकिरी शालीवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. दिग्रसहून येणाऱ्या एस.टी.त त्या बोरी अरबला चढत. त्या गाडीत बाजारात कापूस घालून परतणारी माणसे दाटीवाटीने बसलेली असत, आणि त्यांच्या अंगाखांद्यांवरचा कापूस थोडाथोडा बाईंच्या वाट्याला येई. पूर्वेच्या खिडकीतले कोवळे ऊन त्यांच्यावर पडले की ते तंतू क्षणभर उजळून निघत, आणि सावळ्या चेहऱ्याभोवतीचे ते पांढरे तेज पाहून मन नकळत प्रसन्न होई. मग त्या चप्पल बाहेर काढत (वर्गात चप्पल चालते हे मी त्यांना निदान वीस वेळा सांगितले असेल), शाल झटकत, आणि ते सारे तेज माझ्या टेबलावरच्या कागदांवर येऊन बसे. माझ्या रविवारची सुरुवात अशी होई, आणि माझ्या वैतागाचीही.

यवतमाळात लोहाऱ्याच्या बाजूला आमचे अध्यापक घडवणारे महाविद्यालय होते, आणि तिथे मी एम.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवीत असे. अभ्यासक्रमाच्या शेवटी एक समग्र परीक्षा असे. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मूल्यमापन, जे जे म्हणून शिकवले त्या सगळ्यावर मिळून एकच पेपर. तीन तास, पाच प्रश्न, पर्याय नाही. त्यात दोनदा अडखळले की पदवीचे दार कायमचे बंद. सुलोचनाबाई एकदा अडखळल्या होत्या. वय त्रेचाळीस, म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. बोरी अरबजवळच्या एका खेड्यात वीस वर्षे पहिलीचा वर्ग. दिग्रसच्या एका अध्यापक विद्यालयाने त्यांना जागा देऊ केली होती. पदवी हाती आली तर जूनपासून तिथे रुजू व्हायचे, नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणाची. तेव्हा वैशाखातला तो पेपर हीच त्यांची शेवटची संधी होती, आणि ती साधून देण्याचे काम माझ्या गळ्यात पडले होते.

एकदा न राहवून मी विचारलेही, की वीस वर्षे पहिलीत गेली, आता या वयात ही उठाठेव कशाला? त्या पदराने मान पुसत म्हणाल्या, "मॅडम, लेकरायले शिकवून पाह्यलं. आता मले मास्तरायले शिकवाचं हाये."

मला हसू आले. स्वतःला शुद्ध लिहिता येईना आणि निघाल्या मास्तरांना शिकवायला, असे मनात आले. आणि मनातले माझ्या चेहऱ्यावर उमटल्यावाचून राहत नाही, हा माझा जुना दोष.

त्यांचे लिहिणे हे एक स्वतंत्र प्रकरण होते. लिहिण्याआधी त्या उजवा तळवा कागदावरून डावीकडून उजवीकडे असा फिरवत, की जणू आधीच्या कुणाचे काही तिथे राहून गेले आहे. चुकले की बोट जिभेला लावून अक्षर पुसायला जात. वीस वर्षे पाटीच्या सहवासात घालवलेला तो हात. त्याला कागदाचा आणि शाईचा स्वभावच ठाऊक नव्हता. निळ्या ढगांनी भरून आलेले ते उत्तर माझ्यासमोर येई, आणि मी कपाळाला हात लावी. "सुलोचनाबाई, ही पाटी नाही हो!" मी म्हणे. "सवय हाये, मॅडम," त्या म्हणत, आणि पुढच्याच ओळीत पुन्हा बोट जिभेवर.

पण डाग मी पोटात घातले असते. माझ्या डोक्यात तिडीक जाई ती एका शब्दाने. आमच्या वऱ्हाडीत 'काहून' म्हणजे 'का'. आणि 'काहून की' म्हणजे 'कारण की'. बाईंची लेखणी इतर ठिकाणी निमूटपणे ग्रंथांच्या भाषेत चाले, पण कारण सांगायची वेळ आली की हटकून घसरे. 'बालकाचे अध्ययन अनुभवाधिष्ठित असावे, काहून की...' असे वाक्य वाचले की माझ्या हातातला लाल पेन आपोआप उठे. पानापानावर मी तो शब्द खोडला. समासात 'कारण' असे दहा-दहा वेळा लिहायला लावले. त्या मुकाट्याने लिहीत. पुढच्या रविवारी नव्या उत्तरात 'काहून की' पुन्हा हजर, सासरी पाठवलेली पोर दुसऱ्या दिवशी माहेरच्या अंगणात उभी राहावी तसा.

या रागाचे मूळ माझ्या घरात होते, हे मला तेव्हा दिसत नव्हते. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, वडील हेडक्लार्क. जेवणाच्या पंगतीत माझ्या तोंडून 'काहून' निघाला की त्यांचा घास हातातच थांबे, आणि मी 'का' म्हणेपर्यंत तो तोंडात जात नसे. एका उन्हाळ्यात त्यांनी तो शब्द माझ्या जिभेवरून कायमचा उतरवला. त्याचा मला अभिमान होता. काटा काढणाऱ्याचे उपकार मानावेत तसे मी त्यांचे उपकार मानत आले होते, आणि तेच उपकार आता बाईंवर करत होते.

ती कापसाची वाईट वर्षे होती, शेतकरी जीव देत होते. आमच्या जिल्ह्याला कारणे विचारायला तेव्हा फार लोक येत. मोठमोठ्या गाड्यांतून उतरत, वह्या उघडत, एका दुपारीत चार गावे उरकत आणि कारणांची यादी घेऊन संध्याकाळी परत जात. माझ्या टिपणांतही तशाच याद्या होत्या. 'ग्रामीण भागातील विद्यार्थी-गळतीची कारणे' हा प्रश्न आमच्या परीक्षेचा लाडका, आणि त्याचे उत्तर मी घोटून घेतले होते: दारिद्र्य, पालकांचे अज्ञान, शेतीकामातला सहभाग, स्थलांतर. शेतीकाम या मुद्द्यापाशी कंसात कापूस-वेचणी लिहायला विसरू नका, त्याने उत्तराला स्थानिक रंग येतो, असेही मी सांगत असे. त्या रविवारी वर्गातल्या सगळ्यांनी ते वहीत उतरून घेतले. सुलोचनाबाईंनी पेन खाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या. मी विचारले, "काय झाले?" त्या म्हणाल्या, "काई नाई, मॅडम. तुमी म्हणता तं असन." त्या 'असन'मधला थंडपणा मला झोंबला, पण घड्याळ पुढे सरकत होते, आणि मूल्यमापनाचे अख्खे प्रकरण बाकी होते.

फाल्गुन गेला. रस्त्याकडेच्या पळसांची फुले गळून गेली, वर्गातला पंखा कुरकुरू लागला, बाईंच्या शालीची जागा डोक्यावरून घेतलेल्या पांढऱ्या दुपट्ट्याने घेतली. कापूस संपला तसे त्यांच्या केसांतले तंतूही संपले, आणि तिथे पांढऱ्या झालेल्या खऱ्या बटा आहेत हे मला प्रथमच दिसले. शेवटच्या रविवारी मी त्यांना एकच मंत्र दिला. पेपर लिहून झाला की पहिल्या पानापासून वाचायचा, आणि 'काहून' दिसला की खोडायचा. "एकही राहता कामा नये," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

निकाल ज्येष्ठाच्या तोंडावर लागला. यादीत त्यांचे नाव नव्हते. तीन गुण कमी पडले होते.

चार दिवसांनी दुपारच्या भट्टीत त्या माझे पुस्तक परत करायला आल्या. चप्पल दाराबाहेर, पुस्तकाला वर्तमानपत्राचे नवे कव्हर. मला आधी राग आला, आणि तो मी त्यांच्यावरच काढला. "इतकी तयारी करून घेतली होती सुलोचनाबाई, तरी कुठे चुकलात?"

"चुकलं नाई, मॅडम. सुटलं," त्या म्हणाल्या. "तुमी सांगतलं होतं ना, तं म्या चार प्रश्न लिवले अन् मांगं जाऊन सारे 'काहून' खोडत बसली. एकबी ठेवला नाई. वर पाह्यलं तं घंटी झालती. पाचवा राह्यला."

"पाचवा कोणता होता?"

"गळतीचा."

मी विचारले, की लिहिला असता तर काय लिहिले असते? त्यांनी तळवा टेबलावरून फिरवला, डावीकडून उजवीकडे, आणि त्या उभ्या उभ्याच बोलू लागल्या.

"लेकरू कापूस येचाले जाते, हे खरं हाये. पण येचणी सरते ना, मॅडम? मंग लेकरू वापस काहून येत नाई? काहून की पह्यल्याच दिशी आमी त्याले इचारतो, तुहं नाव काय? थे सांगते, बायू. आमी म्हणतो, बायू नाई, बाळू. पुन्ना म्हण. घरून एक नावच तं घेऊन आलं होतं थे, आमी थेच चुकीचं ठरवलं. मंग थे दुसऱ्या प्रश्नाले तोंडच उघडत नाई. अन् ज्याचं तोंड बंद झालं, थे एक ना एक दिवस निंघून जाते. नव्या मास्तरायले मले येवढंच सांगाचं होतं. बाकी काई नोतं."

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, चारची गाडी आहे म्हणाल्या, आणि वाकून मला नमस्कार केला. त्या माझ्याहून मोठ्या होत्या. मी त्यांना अडवायला हवे होते, अडवले नाही. माझ्या सबंध नोकरीत त्या प्रश्नाचे इतके पूर्ण उत्तर मी ऐकले नव्हते, आणि ते लिहायला लागणारा वेळ मीच खर्चून टाकला होता. पाच प्रश्न, पर्याय नाही. तसाच तिसऱ्या संधीचाही पर्याय नव्हता. दिग्रसची जागा जूनमध्ये भरली गेली. बाई आपल्या पहिलीच्या वर्गात परतल्या, त्यानंतर कधी यवतमाळला आल्या नाहीत. आणि मीही, खरे सांगायचे तर, कधी त्या गाडीत बसले नाही. लाज वाटली, एवढेच कारण.

त्यांची एक वही मात्र माझ्याकडे राहून गेली. आता मी निवृत्त आहे, रविवार सगळे रिकामे आहेत, आणि माघ लागला की ती वही मी उघडते. निळे ढग फिकट होत चालले आहेत, माझी समासातली टिपणे मलाच नीट लागत नाहीत. पण लाल रेघांच्या खाली तो शब्द आहे तसा शाबूत आहे. विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच घरात नांदावेत, असा तो शब्द. परवा वही मिटताना तो माझ्याही तोंडून निघाला, पन्नास वर्षांनी, इतक्या सहजपणे की पंगतीतला तो हातातच थांबलेला घास मला पुन्हा समोर दिसला. माणसे निघून जातात, काळ पाटीवर तळवा फिरवावा तसा एकेक चेहरा पुसत नेतो. पण जे आपण आपल्या हाताने खोडलेले असते, ते पुसले जात नाही, त्या रेघेखालून ते जन्मभर वाचता येत राहते.