शिंपी बेडकाचा हिरवा पाय

क्लेमेंटचा फोन आला तेव्हा हेस्टरच्या कपातला चहा अजून वाफाळत होता. हा जुन्या चित्रपुस्तकांचा व्यापारी एरवी थट्टेशिवाय बोलत नसे.

“हेस्टर, लडलोच्या बाजारात तू माझ्याकडून ते शिंपी बेडकाचं पुस्तक घेतलंस ना? हातानं रंगवलेलं?”

“घेतलं की. एक पेनी सोडली नाहीस, तेही लक्षात आहे.”

“ऐक तर. माझ्याकडची दुसरी प्रत तपासून आली. त्या हिरव्या रंगात सोमल आहे गं, जहाल विष. तू हात धू, आणि कुणा पोराला ते...”

पुढचं ऐकायला हेस्टर थांबली नाही. शेजारच्या खोलीत तिची चार वर्षांची नात, टॅम्सिन, तेच पुस्तक घेऊन बसली होती.

बाकीचे संग्राहक अशी पुस्तकं काचेआड ठेवत. हेस्टरने जन्मभर बालवर्गाला शिकवलं होतं. चित्रपुस्तक पोराच्या मांडीवरच शोभतं, असं ती सगळ्यांना अभिमानाने सांगे.

टॅम्सिन गालिच्यावर होती. पुस्तक उघडं होतं. बेडकाचा एक पाय पानाच्या कोपऱ्यासकट नाहीसा झाला होता आणि पोरीचे ओठ ओले होते.

“तुकडा कुठाय?”

टॅम्सिनने ओठ घट्ट मिटले.

“तोंड उघड! उघड म्हणते ना!”

पोरीचे डोळे भरून आले, पण दात काही उघडेनात. हेस्टरने तिच्या मुठी सोडवून पाहिल्या, उशी उचलून पाहिली. काही नाही. गिळला असेल तर? दवाखान्यात पहिला प्रश्न हाच विचारतील: किती गेलं पोटात? काय सांगायचं?

मग तिच्या ध्यानात आलं. पोर विषाला कशाला भिईल? ती आजीला भीत होती. ‘पान फाडायचं नाही हं’, हे आजीनेच तर घोकून घेतलं होतं.

हेस्टरने कपाटातून एक पुस्तक ओढलं. पहिली आवृत्ती, किती वर्षं शोधलं होतं तिने ते! गालिच्यावर बसून तिने टर्रकन पान फाडलं.

टॅम्सिनचं तोंड आपोआप उघडलं. “आजी! फाडलंस तू?”

“फाडलं. आता आपण दोघी वाह्यात. हा माझा तुकडा. तुझा दाखव बघू.”

टॅम्सिनने मोज्यात बोट घालून एक ओला बोळा काढला. “चिकटवणार होते. थुंकी लावून.”

हेस्टरने तो उलगडून पानावर ठेवला. गुडघा जुळला, पोटरी जुळली. बोटांपाशी मात्र नखाएवढी पांढरी जागा उरली.

“आणि हा एवढासा?”

“जिभेला चिकटला. मग कुठे गेला, माहीत नाही.”

हेस्टरने तिला चूळ भरायला लावली, दोघींचे हात धुतले आणि दवाखान्याला फोन लावून, स्पीकर चालू करून तो कट्ट्यावर ठेवला. पोरीला कडेवरून खाली ठेवायचा धीर तिला होत नव्हता.

“नखाएवढा,” ती म्हणाली.

पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, “एवढ्यानं सहसा काही होत नाही. पण लगेच घेऊन या.”

गाडीत पट्टा लावून घेताना टॅम्सिनने विचारलं, “आजी, सहसा म्हणजे काय गं?”

शब्दाचा अर्थ विचारला की आजी हातातलं काम टाकून सांगते, हे तिला ठाऊक होतं. ती वाट बघत राहिली. हेस्टरने आरशातून तिच्या ओठांचा रंग पुन्हा एकदा पाहिला आणि गाडी सुरू केली.