भाविकाची कोरी जागा

मी एक जुना आणि स्वभावानं भलताच उतावळा संगणक आहे. मित्रांनो, संगणक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी सडपातळ, चकचकीत उभं राहत असेल. ते विसरा. माझा पंखा घरघरतो, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसून गेली आहेत, आणि मला चालू केलं की शिक्षक आधी चहा सांगतात, चहा पिऊन होतो तेव्हा कुठे मी तयार होतो. पण म्हसळ्याच्या आमच्या कॉलेजात यंदा जे घडलं ते माझ्याच पडद्यावर घडलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

माझा जन्म पनवेलच्या एका दुकानात झाला. दुकानदारानं माझे भाग एकेक करून जोडले, मला पहिल्यांदा वीज दिली आणि मी डोळे उघडले. मग आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या सोबतीनं टेम्पोत बसून मी म्हसळ्याला आलो. काय थाट होता त्या दिवशी! प्राचार्यांनी नारळ फोडला, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि मला ऑफिसात मोठ्या टेबलावर बसवलं. वेळापत्रक मीच करायचो, बक्षिसांची प्रमाणपत्रं मीच छापायचो. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा जरा फुगलोच होतो.

मग लॅपटॉप आले आणि माझी रवानगी स्टाफरूमच्या कोपऱ्यात झाली. माझ्यावर छत्र्या वाळत पडायच्या, डबे ठेवले जायचे. एकदा तर कुणीतरी सुकटीची पिशवी माझ्या डोक्यावर विसरून सुट्टीवर गेलं. त्या दिवसांत मला फार एकटं वाटायचं.

पण दिवस फिरले! विद्यापीठानं सगळ्या नोंदी ऑनलाइन केल्या. विद्यार्थ्यांची नावं, हजेरी, अंतर्गत परीक्षेचे गुण, सगळं एका पोर्टलवर भरायचं असा आदेश निघाला. आमची स्टाफरूम तळमजल्यावर, मागे डोंगर. तिथे मोबाइलला रेंज म्हणून येत नाही. इंटरनेटची तार आली ती थेट माझ्या पाठीत खोचली गेली. छत्र्या गेल्या, डबे गेले, आणि गुण भरायच्या दिवसांत सगळा स्टाफ माझ्यासमोर रांग लावून उभा राहू लागला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

त्या रांगेत सर्वांत शेवटी दत्तात्रेय सर असायचे. ते वाणिज्य शिकवतात, निवृत्तीला आले आहेत आणि एका बोटानं टाइप करतात. ते कधीच एकटे बसत नाहीत. आमच्याकडे गुण भरायची रीतच आहे, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं भरायचं. सरांच्या शेजारी नव्यानं लागलेल्या प्राप्ती मॅडम बसतात. त्या म्हणतात, "सतरा." सर म्हणतात, "सतरा. पुढे." ते दोघं असे बसले की मला एखादं गाणं ऐकल्यासारखं वाटतं.

सरांची आणखी एक रीत होती, त्यांची स्वतःची. कागदी वह्यांच्या काळापासून ते कुठल्याही मुलापुढे 'गैरहजर' असं लिहीत नसत. आपल्या किनाऱ्यावरची मुलं ती. होडी लागली, मासळी आली की घरात सगळ्यांचे हात लागतात. मूल तोंडी परीक्षेला आलं नाही तर सर त्याच्यापुढची जागा कोरी ठेवायचे, ते आलं की परीक्षा घ्यायचे आणि मग गुण लिहायचे. "गैरहजर लिहिलं की दाराला कडी लागते," ते प्राप्ती मॅडमना सांगायचे. "कोरी जागा म्हणजे दार नुसतं लोटलेलं."

आता भाविकाची ओळख करून देतो. भाविका चोगले, भरडखोलची, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. वडील तुकाराम होडीवर जातात. आई केसर बंदरावर मासळीचा लिलाव पुकारते. भाविकाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी नेमका ढीगभर जवळा आला. जवळा ही इवलीशी कोळंबी, ती त्याच दिवशी उन्हात पसरली नाही तर सगळीच्या सगळी कुजते. भाविका आईबरोबर जवळा पसरत राहिली आणि परीक्षेला आली नाही. सरांनी नेहमीप्रमाणे तिची जागा कोरी ठेवली.

आणि त्याच संध्याकाळी गुण भरायची मुदत संपत होती! सरांनी सगळे गुण भरले आणि 'अंतिम सादर' हे बटण दाबलं. मी लगेच पडद्यावर चौकट आणली. रिकाम्या जागा गैरहजर धरल्या जातील, पुढे जायचे का, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. मित्रांनो, माझ्याकडे चौकटीखेरीज दुसरं काय आहे? मला ना हात ना तोंड. सरांनी डास हाकलावा तशी ती चौकट हाकलली. त्यांनी 'होय' दाबलं आणि भाविकाच्या नावापुढे 'गैरहजर' उमटलं. सर तोवर चष्मा काढून उठले होते.

दोन दिवसांनी भाविका आली. सरांनी आणि प्राप्ती मॅडमनी मिळून, तिथेच माझ्यासमोर, तिची तोंडी परीक्षा घेतली. काय फाडफाड बोलली ती! बंदरातून कंटेनर कसा सुटतो, जकात कशी भरतात, सगळं सांगितलं. सरांनी वीसपैकी अठरा गुण दिले. पण गुण भरायला पान उघडलं तर सगळ्या जागा करड्या झालेल्या, एक आकडाही भरता येईना. सरांनी नावं न बघताच पान मिटलं. त्यांना वाटलं, पोर्टल नेहमीसारखं रुसलंय, उद्या उघडेल. मग निवडणुकीचं काम आलं, पेपर तपासणी आली, आणि ते राहूनच गेलं.

निकाल लागला आणि भाविका नापास झाली.

शुक्रवारी दुपारी ती आईला घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिचे डोळे सुजले होते. न्हावा शेव्याच्या एका माल वाहतुकीच्या कंपनीनं तिला ऑफिसात नोकरी देऊ केली होती. सोमवारी पास झाल्याची, कॉलेजच्या शिक्क्याची प्रत पाठवली नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

"सर, माजी पोर तुमच्यासमोर बसून बोलली ना?" केसरनं विचारलं. "मंग ती गैरहजर कशी? मना तेवरंच सांगा."

सरांनी मला चालू केलं. मी इतक्या घाईनं सुरू झालो की माझं मलाच आश्चर्य वाटलं! त्यांनी पान उघडलं, भाविकाचं नाव शोधलं आणि तो शब्द वाचला. मग ते केसरकडे वळले.

"माझ्यामुळे झालं हे, केसरबाई," ते म्हणाले. "मी जागा कोरी ठेवली. मला वाटलं, ती तशीच राहील."

प्राप्ती मॅडमनी पोर्टलवर दुरुस्तीचं पान शोधून काढलं. दुरुस्तीची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. पानावर कारण विचारलं होतं. "सर, टायपिंगची चूक असं निवडा," मॅडम म्हणाल्या. "पटकन मंजूर होतं, कुणी काही विचारत नाही."

"टायपिंग कुठे चुकलं? मी चुकलो," सर म्हणाले आणि त्यांनी 'इतर' निवडलं.

मित्रांनो, घड्याळ पुढे पळतंय आणि सर एका बोटानं खरं कारण लिहितायत! माझा पंखा नुसता गरगरत होता. त्यांनी सगळं लिहिलं, ठरल्या दिवशी ती का आली नाही, नंतर परीक्षा कुणी घेतली, आणि चौकट न वाचता आपण 'होय' कसं दाबलं तेसुद्धा. प्राचार्य खाली आले. त्यांनी ते वाचून विचारलं, "परत तोंडी घेतलीत, सोबत कोण होतं?"

"मी होते, सर," प्राप्ती मॅडम म्हणाल्या. प्राचार्यांनी मान डोलावली आणि संमती दिली.

आता फक्त ओटीपी उरला होता. तो येणार सरांच्या मोबाइलवर, आणि मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर, तीही मेसेज येण्यापुरती! सर स्वतः जिने चढून गेले, अंक आला, ते खाली धावले. धापा टाकत खुर्चीत बसेपर्यंत त्या अंकाची वेळ संपली. मग प्राप्ती मॅडम मोबाइल घेऊन वर गेल्या आणि वरून अंक सांगू लागल्या. पण त्यांचा आवाज वर्गातसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, तो गच्चीवरून तळमजल्याला काय पोचणार? दुसरी संधीही गेली. मी पडद्यावर लिहून दाखवलं, फक्त एक प्रयत्न शिल्लक. सरांच्या कपाळावर घाम आला. भाविका भिंतीला टेकून उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आना तो मोबाइल इकरं," केसर म्हणाली. "अंक वाचाचंच हाय ना? ता तर मी रोज करतंय."

ती पदर खोचून वर गेली. स्टाफरूमच्या खिडकीवरच गच्चीचा कठडा येतो, तिथे ती उभी राहिली. सरांनी बटण दाबलं. एक क्षण काहीच झालं नाही. आणि मग, मित्रांनो, बंदरावर होड्यांच्या गलबल्यात ती जसा लिलाव पुकारते, तसा तिनं आवाज लावला!

"चाऽर! शून्य! साऽत! परत साऽत! दोन! नऊऽ!"

खिडकीची तावदानं थरथरली. समोरच्या रस्त्यावर एसटीचा ड्रायव्हर वर बघायला लागला. सर एकेक अंक दाबत होते, भाविका त्यांच्या खांद्यावरून मोठ्यानं तपासत होती.

"शेवटचा परत सांगा!" सर ओरडले.

"नऊऽ! नऊ म्हंते ना! आनी सर, हितं लिवलंय का ह्यो आकरा कोनाला सांगू नका!"

ते ऐकून प्राचार्यसुद्धा पोट धरून हसले, कारण तोवर निम्म्या बाजारपेठेला तो आकडा पाठ झाला होता. सरांनी बटण दाबलं, मी सगळा जीव एकवटून तो अर्ज तारेतून ढकलला आणि पडद्यावर हिरवी पट्टी आणली. अर्ज पोचला! पाच वाजायच्या आत पोचला! सगळे टाळ्या वाजवत होते. वाजवायला हात असते तर मीही वाजवल्या असत्या.

पण अर्ज पोचणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं. सरांनी चूक लपवली नव्हती, त्यामुळे विद्यापीठ काय म्हणेल कुणालाच ठाऊक नव्हतं. शनिवार-रविवार कॉलेज बंद होतं. बंद संगणकाला काही कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण मला त्या दोन दिवसांचं ओझं चांगलं जाणवलं.

सोमवारी सकाळी स्टाफरूमचं कुलूप उघडलं तेव्हा भाविका आणि केसर दारातच उभ्या होत्या. सर आले, पण त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला नाही. मी सुरू होईपर्यंत ते माझ्यासमोर तसेच बसून राहिले. त्यांनी पान उघडलं. मध्येच एक चौकट आली, तेव्हा त्यांनी चष्मा नीट केला, चौकट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली आणि मगच पुढे गेले.

मित्रांनो, मला पुसा, झाकून ठेवा, जपून वापरा, असं माझ्या जागी दुसरा कुणी म्हणाला असता. मी एवढंच म्हणतो की आम्हा यंत्रांना माणसाच्या मनातलं काही कळत नाही. तुम्ही मायेनं कोरं ठेवलेलं आम्ही 'गैरहजर' असं वाचतो. कुणाला सांभाळून घ्यायचं तुमच्या मनात असेल तर ते आम्हाला स्पष्ट लिहून द्या, आणि आम्ही काही विचारलं तर घाईत 'होय' म्हणू नका. पलीकडे कुणाचं तरी सगळं वर्ष उभं असतं.

भाविकाचं नाव आलं. पुढे अठरा गुण होते. त्याच्या पुढे 'उत्तीर्ण'.

केसर पडद्याला नाक लावून बघत होती, पण माझी पुसट अक्षरं तिला लागेनात. "काय लिवलंय?" तिनं विचारलं, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. सरांनी चष्मा पुसला, खुर्ची मागे वळवली आणि भर वर्गात मारावी तशी खणखणीत हाक मारली, "भाविका तुकाराम चोगले!"

भाविका रडत रडत हसली आणि ताठ उभी राहिली.

"हजर, सर!"