माझी जपानी सवत

मित्रांनो, कागदपत्रांवर माझा रंग निळा असा लिहिलेला आहे. आता माझ्या छपराकडे पाहून कोणी तसं म्हणणार नाही. उन्हाने ते पार विटलं आहे, उजव्या दाराला पोचा आहे आणि मागची एक काच अर्ध्यावर येऊन अडते. अशी मी एक म्हातारी मोटार. या वयात सांधे कुरकुरावेत, दम लागावा, हे मी समजू शकते. मला मात्र हेव्याने धरलं. आणि हेवा कोणाचा, तर जिला मी जन्मात पाहिलं नव्हतं तिचा!

पण आधी थोडं मागचं सांगते.

कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर मी तयार झाले. पुढे माझ्याच रूपाच्या बहिणी, मागे माझ्याच रूपाच्या बहिणी. अगदी शेवटी एका कामगाराने माझं एकेक दार उघडून लावलं, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "ही बरी निघाली." माझं ते पहिलं कौतुक.

मला घरी आणलं चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना सगळे बाबाच म्हणत, कारण घरात दोन मुली होत्या आणि त्यांच्या हाकांपुढे दुसरं कुठलं नाव टिकलंच नाही. बाबा माझ्या काचा चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने पुसायचे. त्या घरात प्रवास म्हणजे मी. सुट्टी लागली की आई पुढच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसे आणि मागे दोघी बहिणींची जुंपे. धाकटीला नेहमी समुद्राच्या बाजूची खिडकी हवी असे. थोरली थोडा वेळ भांडे, मग सरकून घेई आणि धाकटीच्या डोक्यावरून जेवढा दिसेल तेवढा समुद्र बघे. घाटात मी धापा टाकत चढले की चौघंही टाळ्या वाजवायची. मला वाटे, जगात आपल्यासारखी दुसरी नाही.

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. आधी बाबा गेले, मग काही वर्षांनी आई. धाकटी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. तिने स्वतःची नवी गाडी घेतली. मी राहिले थोरलीकडे. धाकटी तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताई दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यातून साचे येतात आणि ती त्यावरून एकेक दात असा बसवते की म्हाताऱ्या माणसाला आरशात आपला जुना चेहरा परत दिसावा. तिच्या कामाच्या खोलीत कसला तरी उग्र वास भरलेला असतो. म्हणून दुपारच्या सुट्टीत ती बाहेर येऊन माझ्यात बसायची. डबा खायची, सीट मागे करून डोळे मिटायची. ती सुट्टी आम्हा दोघींची होती. तिथे तिसरं कोणी नव्हतं.

मग एक दिवस तिने फोन माझ्या स्टेअरिंगला टेकवून ठेवला आणि त्यात ती आली. माझी सवत.

मी तिला पाहू शकत नव्हते, कारण फोनची पाठ माझ्याकडे होती. पण ऐकू सगळं येत होतं. जपानमधली बुलेट ट्रेन. ती म्हणे वाऱ्यासारखी धावते आणि आत बसलेल्या माणसाच्या पेल्यातलं पाणी डचमळत नाही. माझ्यात बाटलीचं झाकण घट्ट लावलं तरी सीट ओली होते. तिला जरा उशीर झाला तर म्हणे प्रवाशांची माफी मागतात. मला उशीर झाला तर मलाच बोल लावतात. तिची सफाई करणारी माणसं डब्यात शिरण्याआधी कमरेत वाकतात. आणि मला धुवायला येणारा पोऱ्या माझ्या टायरला लाथ घालून बघायचा, हवा आहे का म्हणून!

"काय गं देखणी आहे," ताई फोनकडे बघून पुटपुटली. माझ्यात बसून हे बोलली. मित्रांनो, माझा अगदी तिळपापड झाला.

त्या दिवसापासून दुसरा विषय नाही. ताई जपानला निघाली होती. दोन आठवडे, पहिल्यांदाच, आणि एकटीने. तिच्या शेजारच्या सीटवर नकाशा पसरलेला असे. आधी तिने इतकी गावं धरली की नुसतं धावतच सुटावं लागलं असतं. मग एकेक गाव गळत गेलं. टोकियोत उतरायचं, हाकोनेच्या डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यावर राहायचं, तिथून क्योटो, मग हिरोशिमा, आणि परतीचं विमान ओसाकाहून, म्हणजे उलटा फेरा नको. या गावाहून त्या गावाला जायला कोण? तीच, माझी सवत. प्रत्येक वेळी तीच. हाकोनेला सगळ्यांनी मिळून एकत्र आंघोळ करायची असते, तीही कपड्यांशिवाय, हे कळल्यावर ताई एवढी लाजली की तिने माझ्या काचा वर केल्या. पण बेत काही रद्द केला नाही.

कामावर जाता-येता ती माझ्या स्पीकरवर जपानी धडे लावी. 'सुमिमासेन' म्हणजे माफ करा. सिग्नलला दुसऱ्याच्या आडवी आली की ती काच खाली करून हसत म्हणायची, "सुमिमासेन!" मला खड्ड्यात आपटलं तेव्हा मात्र एकदाही म्हणाली नाही.

त्यातच ते पांढरे बूट आले. जपानमध्ये दिवसभर चालावं लागतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. बुटांचा खोका मागच्या सीटवर ऐटीत बसून घरी आला. आणि दुसऱ्याच दिवशी ताई माझ्यासमोरून, मला ओलांडून, ते बूट घालून पायी कामाला गेली. सवय व्हावी म्हणून! तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या जागी एक बुटांचा जोड! आगगाडीचं एक वेळ समजू शकते, तिला निदान इंजिन तरी असतं.

मी उभी राहिले. छपरावर धूळ साचली. बॉनेटवर एक मांजर झोपायला लागलं. समोरच्या काचेवर कोणीतरी बोटाने 'मला धुवा' असं लिहून गेलं. आत बॅटरी हळूहळू उतरत होती आणि मनात नुसता जळफळाट. ताईने जाऊच नये, असंही मला वाटून गेलं.

मग ती सकाळ आली. ताईला व्हिसाच्या ऑफिसात वेळ मिळाली होती. ती वेळ हुकली असती तर पुढची मिळेपर्यंत विमान उडून गेलं असतं. ती फाईल घेऊन घाईघाईने आली, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक् टक्. मित्रांनो, खरं सांगते, मी मुद्दाम केलं नाही. माझ्यात जोरच उरला नव्हता. मघापर्यंत तिने जाऊ नये असं वाटत होतं, पण तिने तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि मी जीव तोडून प्रयत्न केला. काही झालं नाही.

टॅक्सी मिळेना. शेवटी तिने नाइलाजाने धाकटीला फोन लावला. नाइलाजाने अशासाठी, की धाकटीला तिने जपानचं अवाक्षरही सांगितलं नव्हतं. आणि धाकटीचं काम काय? प्रवासाच्या ऑफिसात लोकांना तिकिटं काढून द्यायची आणि सहली आखून द्यायच्या. रोज तेच.

धाकटी आली. तिने तिची गाडी माझ्या नाकाशी नाक लावून उभी केली, केबल काढल्या, दोघींची बॉनेटं उघडली. तिच्या चकचकीत गाडीचा जोर माझ्यात आला आणि मी खोकत सुरू झाले.

"एवढ्या सकाळी निघालीस कुठे?" केबल गुंडाळत तिने विचारलं.

"व्हिसाच्या ऑफिसात."

"कसला व्हिसा?"

"जपानचा."

धाकटीचे हात थांबले. "कोण जातंय?"

"मी."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

धाकटीने केबलची गुंडाळी तिच्या गाडीत फेकली.

"अख्ख्या जगाला मी जपानला पाठवते," धाकटी म्हणाली, "आणि सख्ख्या बहिणीचं मला बॅटरी उतरल्यावर कळतं? तिकीट कोणाकडून काढलंस?"

"माझं मीच काढलं."

"वा! म्हणजे मी मेलेच तुझ्यासाठी."

"उशीर होतोय गं. नंतर भांड."

"बस तिकडे. मी चालवते. ही मध्येच बंद पडली तर तुला काही सुधरायचं नाही."

तिची गाडी तिथेच राहिली. वाटेत ताई फाईलमधले कागद पुन्हा पुन्हा मोजत राहिली. ऑफिसपाशी ताई उतरून पळाली आणि धाकटी माझं इंजिन सुरू ठेवून आत बसून राहिली. तिने शेजारच्या सीटवरचा नकाशा उचलला. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली, ओळखीच्या गल्लीतून फिरावं तसं. मग एकदम तिने स्टेअरिंगवर हात आपटला आणि रडायला लागली.

"मी एकदाही नाही गेले," ती म्हणाली. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे माझ्याशीच बोलली म्हणायची. "लोकांचे फोटो बघायचे आणि छान छान म्हणायचं. आता हिचेही बघायचे."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस मला वाटत होतं की हे दुखणं माझं एकटीचं आहे. माझ्याच सीटवर बसून माझंच दुखणं कोणीतरी रडत होतं.

ताई परत आली ती हसत. कागद जमा झाले होते. धाकटीचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"मला हेवा वाटतोय तुझा," धाकटी नाक पुसत म्हणाली. "आवडलं नाही तरी ऐक. पोटात दुखतंय माझ्या. मला का नाही विचारलंस?"

ताईने दार लावून घेतलं. बाहेरच्या रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "तू असलीस की मी तू दाखवशील तेच बघते. लहानपणापासून. जेवायचं कुठे ते तू ठरवतेस, फोटो कुठे काढायचा ते तू ठरवतेस. मला आवडतंही ते, म्हणून तर भीती वाटते. या एका वेळी मला माझं मी चुकून बघायचंय. चुकीच्या फलाटावर जाईन, रडेन, विचारेन कोणाला तरी. सांगितलं असतं तर तू सगळं नीट आखून दिलं असतंस."

"दिलं असतंच!"

"तेच म्हणतेय मी."

धाकटीला हसू आलं, पण राग काही पुरता गेला नव्हता. तिने नकाशा ताईच्या मांडीवर टाकला. "चुकायचंय तेवढं चूक. पण तुझी ती भलीमोठी बॅग घेऊन बुलेट ट्रेनमध्ये चढू नकोस. तिकडे बॅग आधीच पुढच्या हॉटेलवर पाठवायची सोय असते. आणि हाकोनेला निदान दोन रात्री राहा. ढग असले तर फुजीचा डोंगर पहिल्या दिवशी दिसत नाही."

"बरं."

"आणि हिची किल्ली दे. तू नसताना ही अशी उभी राहिली तर कायमची बसेल."

ही म्हणजे मी. ताईच्या आधी माझ्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याबद्दल कोणीतरी काळजीने बोललं होतं.

ताईला विमानतळावर मीच सोडलं, चालवायला धाकटी होती. ताई दारापाशी गेली, तिने एकदाच वळून बघितलं, आणि आत गेली. मला वाईट वाटलं, रागही आला. ते पांढरे बूट तिच्याबरोबर गेले आणि मी मागे राहिले. धाकटी मात्र शब्दाला जागली. दर दोन-तीन दिवसांनी यायची, मला फिरवून आणायची. तिने माझी काच धुतली, अडलेल्या खिडकीला तेल घातलं.

एका दुपारी ती माझ्यात बसून डबा खात होती, तेव्हा फोन वाजला. तिने तो डॅशबोर्डवर टेकवला. या वेळी मलाही दिसेल असा, कारण आरशात त्याचं प्रतिबिंब पडलं होतं. ताई फलाटावर उभी होती. केस उडालेले, नाक लाल झालेलं, चेहऱ्यावर अशी चमक की मी ती कधी पाहिली नव्हती.

"थांब, येतेय बघ!" ती ओरडली.

आणि ती आली. पांढरी, लांब, आवाज न करता. मी तिच्यात खोट शोधायचा खूप प्रयत्न केला. नाक जरा जास्तच लांब आहे, एवढंच म्हणेन.

धाकटीचा घास हातात राहिला होता. "ताई," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी जाणार. एकटी. तुला नेणार नाही."

"नको नेऊस," पलीकडून ताई हसत म्हणाली. "पण तेव्हा गाडी कोण फिरवणार, ते आत्ताच ठरव."

"तूच! आणखी कोण?"

दार बंद व्हायची शिट्टी वाजली आणि फोन कटला.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी बरेच दिवस एका जागी उभं असेल. गाडी असेल, शिलाई मशीन असेल, एखादी मावशी किंवा एखादे काका असतील. ते आवाज करत नाहीत, म्हणून त्यांचं बरं चाललंय असं समजू नका. अधूनमधून जाऊन किल्ली फिरवून बघा. आणि तुमच्या स्वतःच्या पोटात कोणाबद्दल दुखत असेल, तर धाकटीसारखं तोंडावर सांगून टाका. दोन शब्द जास्त बोलले जातील, पण माणसं एका गाडीत बसून घरी तरी येतील.

मला अजूनही त्या लांबनाकीचा हेवा वाटतो. उगाच खोटं कशाला सांगू? पण परवा घाटात चढताना माझ्यात दोघी बहिणी होत्या, आणि वर पोचल्यावर दोघींनी टाळ्या वाजवल्या. तिच्या पोटात बसून कोणी टाळ्या वाजवत असेल, असं मला वाटत नाही.