अठराव्या किलोमीटरवरचं पाणी

बायकोवर हात उगारला की काय होतं, हे भट्टीवाल्याला तीन आठवड्यांत कळलं होतं. उगारला कसला, चांगला ठेवून दिला होता. तिच्या कानातून रक्त आलं. ती तडक भावाकडे निघून गेली. हा धाकटा मेहुणा पोस्टमन, पळण्याचा नादी. त्यानं अट घातली, "दाजी, शर्यतीत माझ्याबरोबर एकवीस किलोमीटर पळा. वाटेत एकदाही डोकं फिरू द्यायचं नाही. जमलं, तर ताईकडे शब्द टाकतो."

सराव किती? मोजून दोन सकाळी. "वीस वर्षं वितळलेल्या लोखंडासमोर उभा आहे, ऊन मला काय करणार," म्हणत गडी उरलेले दिवस घोरत पडला. गर्वाचं घर खाली, दुसरं काय.

नवव्या किलोमीटरला उन्हानं त्याला धरलं. डांबर बुटातून चटके देऊ लागलं, मांड्या सोलून चड्डीला रक्त लागलं, पोटातलं सगळं रस्त्याकडेला पडलं. एकजण खांद्याला धडकून पुढे गेला. भट्टीवाल्यानं मूठ आवळली, पण जीभ चावून राग गिळला. "शाबास, दाजी," मेहुणा म्हणाला. तोंडात रक्त होतं, तरी त्याला बरं वाटलं.

अठराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं आणि टेबलामागे बायको. नवऱ्याची दशा बघून तिचा जीव तुटला. माया अशी मरत नाही हो. तिनं पाण्याचा मग भरून भावाकडे दिला. त्यानं तो दाजींच्या डोक्यावर ओतायला उचलला.

आता भट्टीचा कायदा असा: वितळलेल्या लोखंडाजवळ कुणी पाणी आणलं, तर विचारायचं नाही, आधी आडवा करायचा. पाणी पडलं की स्फोट होतो, माणसं जातात. भट्टीवाल्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा रस्ता नव्हताच, सगळं लालभडक होतं. त्यानं ठोसा हाणला. मेहुण्याचा जबडा कडकन वाजला, दोन दात रस्त्यावर पडले. तो कोसळल्यावरही ह्यानं छातीत लाथ घातली.

सांडलेलं पाणी पायांना लागलं तेव्हा शुद्ध आली. तो गुडघ्यांवर बसला. "मी फक्त पाणी बघितलं," तो रडत म्हणाला. "भट्टीची सवय गं. हात आपोआप जातो."

बायको भावाचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं रक्त पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्या दिवशी माझ्या हातात पाणी नव्हतं," ती म्हणाली.